पेनलेस मागितलं तर ‘बघू त्या वेळी’. हा निर्णय नक्की कोणाचा?

नववा_लागला

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

वय ३१, बँकेत नोकरी. काउंटरवर असते, त्यामुळे दिवसभर लोकांच्या सह्या जुळवणं हेच काम. पहिलं बाळंतपण, ३४ आठवडे झाले. नाशिकहून माहेरी आलेय, सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. १५ खाटांचं खाजगी हॉस्पिटल आहे. मॅडमचा हात चांगला आहे असं गावात सगळे म्हणतात, आणि त्या वाईट नाहीतच.

मागच्या तपासणीला मी विचारलं, "मॅडम, एपिड्यूरल मिळेल ना? पेनलेस?" (म्हणजे कळा दुखू नयेत म्हणून पाठीत नळी घालून देतात ते औषध.) त्यांनी फाईलमधून मान वर न करता सांगितलं, "बघू त्या वेळी. पहिलटकरणींना सगळ्यांनाच वाटतं, मग जमून जातं." बाहेर काउंटरवर मुलगी म्हणाली, भूलवाल्या डॉक्टरांचे पॅकेजच्या वर १५ हजार, रात्रीचे मिळतीलच असं नाही, आणि मिस्टरांची सही लागेल.

मिस्टर नाशिकला. पाठ माझी. सही त्यांची?

घरात प्रत्येकाचं वेगळंच. आई म्हणते, "मला तीन झाली, एकदासुद्धा आवाज बाहेर गेला नाही." तिला याचा अभिमान आहे, त्यामुळे मला पुढे बोलता येत नाही. सासूबाईंचा फोन, की पाठीत सुई घेतली की कंबर कायमची जाते. जाऊबाई म्हणाल्या, "मला एपि दिलं होतं, काही उपयोग झाला नाही, गुरासारखी ओरडले." मी त्यांची फाईल मागवून बघितली. एपिड्यूरल कुठेच नाही. दोन ठिकाणी ‘एपि’ लिहिलंय, एकदा इंजेक्शनांच्या यादीत, एकदा टाक्यांच्या वर. मग त्यांना नक्की काय दिलं?

मला अट्टहासाने पेनलेसच हवंय असंही नाही. कदाचित निभेल माझं. पण नको म्हणायचं असेल तर ते मला म्हणायचंय. भूलतज्ज्ञ मिळालाच नाही तर दुसरं काय असतं? आणि सहीचं खरं काय?

इंदूकाकू

अगं एवढा कसला विचार करतेस! कळा म्हणजे काय आजार आहे का? आम्ही सोसल्या, आमच्या आयांनी घरच्या घरी सुईणीच्या हातावर सोसल्या, मेलो का आम्ही? बाळाचं तोंड बघितलं की सगळं विसरायला होतं. रात्री दुधात चमचाभर तूप घेत जा. जिने चढउतार कर. नेटवर वाचू नकोस. सगळं छान होईल, काळजी नसावी.

लेबररूम_सिस्टर

इंदूताई, तुमचा मान राखून सांगते, "मेलो का आम्ही" हे लेबर रूममध्ये उभं राहून म्हणू नये. काही जणी मेल्या. कळांनी नव्हे, रक्तस्रावाने आणि झटक्यांनी, पण रजिस्टर मी लिहिलेलं आहे म्हणून ते वाक्य मला ऐकवत नाही. तुपाला माझी हरकत नाही.

आता पोरी, तुझं.

आधी जाऊबाईंचं कोडं सोडवते. लेबर रूममध्ये ‘एपि’ म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी. एक एपिड्यूरल, ती पाठीतली. दुसरी एपिडोसिन, गर्भपिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून देतात ते इंजेक्शन, ते दुखणं थांबवायला नसतंच. आणि तिसरी एपिसिओटॉमी, म्हणजे बाळाचं डोकं येताना खालून दिलेला छेद. आम्ही आपसात बोलतो, "हिला एपि दिली का?" टेबलावरची बाई ऐकते आणि समजते आपल्याला दुखू नये म्हणून काहीतरी दिलं. तुझ्या जावेला बहुतेक दुसरी आणि तिसरी मिळाली. पहिली मिळालीच नाही, आणि नाव मात्र तिचं बद्दू झालं.

मी ३२ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली २१ लेबर रूमला. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. त्यातला शेवटचा एम म्हणजे मिडवाइफरी, आमची नोंदणीच ‘नर्स आणि मिडवाइफ’ अशी होते. पण मिडवाइफ म्हणून मला कोणी हाक मारली नाही आणि खरं सांगायचं तर मी ते काम केलंही नाही. मिडवाइफ म्हणजे बाईजवळ बसणारी. आमच्याकडे चार टेबलं, दोन सिस्टर. आम्ही बसायचो ते रजिस्टर लिहायला.

२००४ किंवा ०५ चा हंगाम असेल. ऊसतोडीची बाई, बीडकडची, तिसरी खेप. फडातून थेट ट्रॅक्टरवर बसून आलेली, पायाला पाचटीचे ओरखडे. टेबलावर झोपवली तर उतरली आणि फरशीवर उकिडवी बसली, दोन्ही हातांनी टेबलाचा लोखंडी पाय धरून. प्रत्येक कळेला नुसती हुंकारायची आणि पुढेमागे डुलायची. तिला कळत होतं तिला काय हवंय. मी काय केलं? "वर हो" म्हणून ओरडले. आली नाही तर मांडीवर चापट मारली. वर निजवली, पाय अडकवले. मग मात्र ती खरंच ओरडायला लागली. त्यावर आमच्यातली एक जण जे बोलली ते इथे लिहीत नाही, सरकारी लेबर रूममधून गेलेल्या बायकांना ते वाक्य पाठ आहे. मी बोलले नाही. पण हसले.

मुलगा झाला, अडीच किलोचा. जाताना तिने कनवटीची दहाची नोट काढून माझ्या हातात कोंबली. घेतली मी.

२०११ ला मला मुतखडा झाला. ड्युटीवरच कळ आली, भिंत धरून खाली बसले. दहा मिनिटांत दंडात इंजेक्शन. कोणी म्हणालं नाही, "सिस्टर सोसा, थोड्या वेळाचं आहे." कोणी विचारलं नाही की मिस्टरांची सही आणा. मुतखड्याच्याही कळाच म्हणतो की आपण! बिछान्यावर पडल्या पडल्या मला ती ऊसतोडीची बाई आठवली. त्या दिवसापासून मी फार शहाणी झाले असं नाही, पण खाली बसलेल्या बाईला वर चढवणं सोडलं. खाली स्वच्छ चादर टाकायची, बाळाचे ठोके तिथेच वाकून ऐकायचे. गुडघे माझे दुखले, तिचं थोडं सुसह्य झालं.

आता कामाचं. मॅडमना एपिड्यूरलच्याही आधी एक विचार: "मॅडम, कळांचं सलाईन लावायच्या आधी मला सांगाल का?" त्या बाटलीत ऑक्सिटोसिन सोडतात. गरज असते तेव्हा ते हवंच, त्याने जीव वाचतात. पण कितीदा ते केवळ टेबल रिकामं व्हावं म्हणून लावलं जातं, हे मी पाहिलंय आणि लावलंयही. त्या कळा दमच घेऊ देत नाहीत. पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हे आमच्या डोक्यात पक्कं बसवलेलं होतं. डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की बाळबाळंतीण ठीक असतील तर निव्वळ त्या हिशोबावर घाई करू नका. म्हणजे बाईला आधी जास्तीच्या कळा द्यायच्या, आणि मग तिने दुखतंय म्हटलं की "सोस" म्हणायचं, असा आमचा कारभार.

आणि आईला आत ने. बाळंतिणीसोबत एक बाईमाणूस आत असू द्यावं हे केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांसाठी २०१६ लाच सांगितलंय. खाजगीत मॅडमच्या मर्जीवर आहे, म्हणून आत्ताच विचारून ठेव. आईला शिकव: कंबरेच्या खाली जे सपाट हाड असतं त्यावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवून कळ येईल तसा जोर लावायचा. चोळायचं नाही, दाबून धरायचं, कळ उतरली की सोडायचं. तू सांगशील तेव्हाच. काही जणींना त्या वेळी हात लावलेला अजिबात खपत नाही. गरम पाण्याची पिशवी, अंगावर गरम पाणी, खाटेवर हात टेकून गुडघ्यावर बसणं, चालणं. यातलं सगळं सुईणींना येत होतं, घरात आढ्याला दोर बांधलेला असायचा धरायला. त्यांचं जे घ्यायचं ते आम्ही टाकलं आणि ‘सोस गं बाई’ तेवढं ठेवलं.

२०१८ च्या डिसेंबरात केंद्राने मिडवाइफरीची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, नर्सनाच १८ महिन्यांचं वेगळं शिक्षण द्यायचं. तुझ्या बाळंतपणाला त्या पोरी पोचणार नाहीत, पण येतायत.

भूलवाला

सिस्टर, दंडवत.

मी तालुक्याच्याच गावात भूलतज्ज्ञ आहे, चार हॉस्पिटलं करतो. त्यामुळे "रात्री मिळतीलच असं नाही" यातला तो मीच, असं समजा. खरी अडचण सांगतो. सिझेरियनला मी तासाभरात मोकळा होतो. एपिड्यूरल लावलं की आठ-दहा तास अडकतो, कारण लावून घरी जायचं हे औषध नाही. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी बीपी बघावं लागतं, डोस वाढवावा-कमी करावा लागतो. तेवढ्या वेळात दुसरीकडे इमर्जन्सी सिझर आलं तर? म्हणून डॉक्टर ‘बघू’ म्हणतात. ते तुम्हाला आळशी वाटेल, पण ती ‘हो’ म्हणून ठेवायची भीती आहे.

सासूबाईंना सांगा: सुई पाठीत राहत नाही. बारीक, मऊ नळी तेवढी राहते. १५-२० मिनिटांत परिणाम सुरू होतो. कंबरदुखी बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होते, एपिड्यूरल घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही. दीर्घकाळच्या कंबरदुखीचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. सिझरची शक्यताही त्याने वाढत नाही, हे हजारो बायकांवरच्या चाचण्यांतून तपासलं गेलंय. मात्र जोर करण्याचा टप्पा थोडा लांबतो. बीपी उतरू शकतं, खाज येते, ताप येऊ शकतो, लघवीला नळी लागू शकते. साधारण शंभरात एखादीला नंतर जबरदस्त डोकं दुखतं, त्यावर इलाज आहे. कधी एकाच बाजूला बधिर होतं आणि परत खटपट करावी लागते. प्लेटलेट फार कमी असतील किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आम्ही देत नाही.

‘४ सेंटिमीटर होऊ द्या मग देऊ’ हा जुना नियम. कळा सुरू झाल्यात आणि बाई मागतेय, एवढं कारण पुरतं. पण अगदी बाळ येण्याच्या बेतात असताना मागितलं तर तुम्हाला पाठ वाकवून स्थिर बसता येणार नाही आणि मला लावता येणार नाही. ३६ व्या आठवड्यात भूलतज्ज्ञाला भेटून या, सीबीसी (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट) सोबत न्या.

एपिड्यूरल नसेल तर बहुतेक ठिकाणी ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन मिळतं. त्याने दुखणं जात नाही, दुखण्यावर घोंगडं पडतं. गुंगी येते, मळमळतं.

सहीचं: शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिची स्वतःची. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात हेच सांगितलं. तिथे पेशंट भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं, आणि कोर्टाने ती संमती धरली नाही. मिस्टरांची सही हॉस्पिटलं घेतात ती बिलाच्या आणि भांडणाच्या भीतीने. घेऊ देत. पण त्यांची असून तुमची नसेल तर तो कागद माझ्या दृष्टीने कोरा.

लीड्सकरीण

माझी दोन्ही बाळं इंग्लंडमधली. इथे सरळ बाळंतपण मिडवाइफच करते, डॉक्टरचं तोंडही न बघता घरी जाता येतं.

पहिल्या वेळी मी ‘गॅस अँड एअर’ घेतला. नाव एन्टोनॉक्स, निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. भारतातही काही मोठ्या प्रसूतिगृहांत असतो, विचारून बघ. त्याची गंमत अशी की नळी स्वतःच धरायची. नवरा प्रेमाने माझ्या तोंडाला लावून बसला तर मिडवाइफने त्याला झापलं. गुंगी जास्त झाली की बाईचा हात आपोआप खाली पडतो आणि गॅस बंद होतो, तोच त्यातला सुरक्षेचा खटका आहे. दुसऱ्याने धरली की तो गेला. कळ चढायला लागतानाच ओढायचा, कारण गॅस चढायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. शिखरावर पोचल्यावर ओढलात तर कळ गेल्यावर हसत बसाल. मी दोनदा हसले. दुखणं होतंच, पण ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्यासारखं वाटलं.

पण मिडवाइफ म्हणजे सगळं गोडगोड असंही समजू नका. दुसऱ्या वेळी मी एपिड्यूरल मागितलं. मिडवाइफ हसून म्हणाली, "किती छान चाललंय तुझं!" अर्ध्या तासाने पुन्हा मागितलं. "अगं, छान चाललंय." तिसऱ्यांदा मी मराठीत ओरडले तेव्हा तिने फोन केला, तोवर भूलतज्ज्ञ ऑपरेशनला गेलेला. "छान चाललंय" हे "बघू त्या वेळी"चंच इंग्रजी भावंड. इथे नैसर्गिक प्रसूतीचं खूळ कुठवर गेलं होतं ते २०२२ च्या ऑकेंडन अहवालात आलंय, श्रूस्बरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांबद्दल. सिझेरियन कमी ठेवायच्या नादात बायकांचं ऐकलं गेलं नाही, बाळं गेली, आया गेल्या. मिडवाइफांच्या संघटनेने, रॉयल कॉलेजने, ‘नॉर्मल बर्थ’ची मोहीम त्याआधीच गुंडाळली होती.

म्हणून सांगते, तोंडी बोलू नकोस. एका कागदावर लिही आणि फाईलला लाव. इथे पुष्कळ जणी तसं लिहून नेतात. ‘मी एकदा मागितलं की फोन करायचा’, असं लिही.

नववा_लागला

पाच आठवड्यांनी लिहितेय, क्षमा. मुलगी झाली! दोन किलो नऊशे. ही मांडीवर आहे, एका हाताने टाइप करतेय.

३६ व्या आठवड्यात कागद घेऊन मॅडमकडे गेले. आधी चिडल्या, "नेटवर वाचून आलीस?" मग जरा वेळाने स्वतःच म्हणाल्या, "खरं सांगू का, हो म्हणून ठेवलं आणि रात्री तो आला नाही, तर नंतर तुम्हीच भांडता." भूलवाल्यांचंच वाक्य! त्यांनी तिथल्या तिथे भूलतज्ज्ञांना फोन लावला, प्लेटलेट बघितल्या, १ लाख ८० हजार. काउंटरवर पैशांचंही ठरलं.

रात्री एकला पाणी गेलं. भूलतज्ज्ञ म्हणाले, दुसऱ्या गावी आहे, सहाशिवाय जमत नाही. ते पाच तास मी फरशीवर सतरंजी टाकून, खाटेवर डोकं टेकून काढले. हॉस्पिटलातल्या मावशी सारख्या वर चढ म्हणत होत्या. आई दाबत होती. चारच्या सुमाराला मी खच्चून ओरडले, आवाज पार खालच्या मेडिकलपर्यंत गेला असेल. आईने दाबायचं थांबवलं नाही, आणि तेव्हाच म्हणाली, "मी ओरडले नाही, कारण बाहेर तुझे आजोबा बसले होते."

साडेसहाला नळी लागली. आधी नुसता डावा पाय बधिर, उजवीकडे सगळं चालूच. डॉक्टरांनी नळी किंचित बाहेर ओढली, पुन्हा औषध दिलं, आणि मग मी अर्धा तास झोपले! सलाईन लावायच्या आधी मॅडमनी येऊन विचारलं. मी हो म्हटलं. ११ वाजून ५ मिनिटांनी ही. एपि, म्हणजे तिसरी, द्यावी लागली. तेही सांगून दिली. सिस्टर, चार टाके आहेत, बसताना तुमची आठवण काढते.

सहीचं राहिलंच. नवरा सुदैवाने आदल्या दिवशी आला होता. एपिड्यूरलच्या आधी तिथल्या सिस्टरांनी सवयीने कागद त्याच्यापुढे धरला. त्याने पेन घेतलं आणि माझ्या हातात दिलं. दोन कळांच्या मध्ये मी सही केली, तिसरी कळ जरा लवकर आली आणि आडनाव कागदाच्या बाहेर खाटेच्या चादरीवर गेलं. परवा डिस्चार्जच्या फाईलमध्ये ती झेरॉक्स पाहिली. असा चेक माझ्या काउंटरवर आला असता तर ‘सही जुळत नाही’ म्हणून मीच परत केला असता.